हिरव्या लुगड्यावरचं तांबडं ठिगळ

माझ्या सासरी माणसं मरायची, कापड मरायचं नाही.

सासू त्याला मरू द्यायची नाही. लुगडं मधे विरलं की विरलेला भाग काढून दोन चांगले तुकडे जोडायची. त्याला दंड घालणं म्हणतात. तेही फाटलं की चोळीचं अस्तर. मग गोधडी. गोधडीतून जे निघेल त्याची डोक्यावर घागर ठेवायला चुंबळ. चुंबळ झिजली की सारवायचं पोतेरं. पोतेरंही संपलं की वाळवून चुलीत, आणि त्या राखेनं भांडी. आम्ही काही उपाशी नव्हतो. मंगरूळपीरच्या बाहेर आमचा मळा होता, वांगी, मेथी, मिरच्या बाजारात नेऊन विकायचो. पोटाला होतं. सासूचा स्वभावच तो.

मी दुसरेपणाची. पहिली बाळंतपणात गेली, लेकरासकट. वर्ष झालं नव्हतं तेव्हा सासू मला बघायला अनसिंगकडे आमच्या गावी आली. एकटीच आली, हातात फडक्यात बांधलेली चोळी होती. माझ्या आईनं गूळपाणी दिलं. सासूनं ते घेतलं आणि म्हणाली, "पोरीले हे घालून पाहू द्या."

आई म्हणाली, "कोनाची हाये?"

"होती आमच्याकडची."

मला आतल्या खोलीत नेऊन चोळी घातली. खांद्याला, दंडाला, पाठीला, कुठे टाका उसवावा लागला नाही आणि कुठे टाका घालावा लागला नाही. सासूनं मला पाठमोरं केलं, परत समोर केलं, आणि आईला म्हणाली, "झालं. नवी शिवाच लागत नाई." याला पसंती म्हणायचं. मी चौथी शिकलेली होते, मला वाचता येत होतं. ते कोणी विचारलं नाही.

लग्नात सोनारानं घडवलेली चांदीची पुतळी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात घातली. बोटाच्या पेराएवढी, तिच्यावर बाईचा आकार ठोकलेला. ती म्हणजे पहिली. आमच्याकडे दुसरीनं पहिलीला गळ्यात घेऊन वावरायची रीत होती. सणाला आधी तिला घास, मग आपण. घरात कोणतंही नवं कापड आलं की ते आधी पुतळीला लावायचं, म्हणजे तिला दाखवायचं, मग अंगाला. जुन्याला ही अट नव्हती. जुनं तर तिचंच होतं.

खरंच सगळं तिचंच होतं. मी तिच्या लुगड्याची चुंबळ डोक्यावर ठेवून पाणी आणायची, तिच्या चोळीत सारवायची, तिच्या गोधडीत निजायची. त्यात एक हिरवं लुगडं होतं, पिवळ्या रेघेच्या काठाचं. पदराजवळ कधी तरी निखारा पडून ते जळालं होतं आणि तिथे तिनं चार बोटं रुंद तांबडं ठिगळ लावलं होतं. त्या ठिगळाचे टाके उलट्या बाजूला कललेले. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "आत्याबाई, हे असं काहून शिवलं?"

"ते डेबरी होती. डाव्या हातानं शिवे. म्या लय मारलं, पन हात बदलला नाई."

हे लुगडं नेसले की आमची बांडी गाय पान्हा सोडायची. पहिली गेल्यापासून तिनं कोणाला नीट धार काढू दिली नव्हती, सासूला दोनदा लाथ मारली होती. मी हिरवं नेसून बसले की मान वळवून पदर हुंगायची आणि उभी राहायची. माहेरचं लुगडं नेसून बसले की लाथ. सासूनं ते दोन दिवस बघितलं, मग धारेच्या वेळेला हिरवंच नेसायचं असं ठरवून टाकलं. दूध वाया जायला नको.

मळ्यात वाफ्यात वाकलेली असले की मागून येणारी बाई थबकायची. एकदा शेजारची म्हातारी बांधावरूनच ओरडली, "मायबाई! म्या म्हटलं आली का काय वापस!" आणि हसली. मीही हसले. माझा नवरा मात्र मागून यायचा नाही. बांधाला वळसा घालून समोरून यायचा. वर्षभरानं माझ्या ध्यानात आलं की तो मी हिरवं नेसले असेन तेव्हाच वळसा घालतो.

मला दिवस गेले तेव्हा मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. माझ्या लेकराच्या अंगाला तिची चिंधी लागू द्यायची नाही. आमच्याकडे पहिले कपडे जुन्याचेच शिवतात, पाच घरांतून मागून आणलेल्या जुन्या कापडाचे. मऊ असतात, आणि पाच घरच्या धडधाकट माणसांनी वापरलेले म्हणून लेकरू जगतं. मी नवऱ्याला म्हटलं, बाजारातून नवं कापड आणा. त्यानं आणलं. पांढरं, पातळ, वास येणारं कोरं कापड. मी दोन झबली आणि एक कुंची शिवली. पुतळीला लावलं नाही. मुद्दाम लावलं नाही. शिवताना पुतळी पाठीवर टाकली होती.

मुलगा झाला. नवव्या दिवशी गेला. कण्हला नाही, रडला नाही, सकाळी बघितलं तर तोंड उघडं होतं.

त्याला नेल्यावर सासू माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं रडेल. तिनं फक्त विचारलं, "तिले दाखोलं होतं का?"

तिनं परत विचारलं नाही. ती मला कधी घालूनपाडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीच्या आधी सासू तिच्या लेकीच्या बाळंतपणाला गेली. मी घर पोतारायला काढलं आणि त्याच निमित्तानं पहिलीचं सगळं बाहेर काढलं. तीन लुगडी, चार चोळ्या, दोन गोधड्या, चुंबळी. अंगणात ढीग घातला. एवढ्या मोठ्या घरात माझं स्वतःचं काय उरतं बघितलं, तर एक लुगडं आणि गळ्यातली पुतळी, आणि तीही तिचीच. चोळ्या मी चुलीत घातल्या. त्यांचा धूर काही वर जाईना, घरातच फिरत राहिला, आणि बांडी गाय गोठ्यातून हंबरायला लागली. भर दुपार होती. मी दार उघडं टाकून बाहेर जाऊन बसले.

जुन्यावर भांडी देणारी बोहारीण दुसऱ्या दिवशी आली. मी तिला लुगडी आणि गोधड्या दिल्या आणि एक जर्मनचा गंज, म्हणजे भात शिजवायचं पातेलं, घेतला. तिनं हिरव्याचा पदर उलटापालटा केला. "ठिगळ हाये याले."

"मंग ठिगळासकट घे."

"कायले देऊन राह्यली वं? चांगलं टिकाऊ हाये."

"म्हनूनच देऊन राह्यली."

सासू परत आली. तिनं रिकामी खुंटी बघितली, मग गंज बघितला, तो बोटानं वाजवला. मी मार खायची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "बाई, घरातून गेलं म्हंजे गावातून गेलं का?" आणि त्याच गंजात तिनं भात टाकला.

गाय मात्र आटली. महिनाभरात थेंब देईना.

पौषात बाजाराच्या दिवशी मी मेथीच्या जुड्या घेऊन बसले होते. गर्दी होती, ऊन डोक्यावर होतं. गर्दीतून हिरवं लुगडं माझ्याकडे चालत येताना दिसलं. तोंड दिसत नव्हतं, मधे माणसं होती. पदर दिसला, पदरावर तांबडं ठिगळ. मी पुतळी मुठीत धरली. ती तापलेली होती, उन्हानं तापली असेल. लुगडं येऊन माझ्यासमोर थांबलं आणि बसलं.

"जुडी कशी देली?"

मी मान वर केली. आसेगावकडची कुठली तरी बाई, दात पुढे आलेले, कडेवर लेकरू. तोंड दुसरंच होतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. मी तिला दोन जुड्या जास्त दिल्या. का दिल्या ते माहीत नाही. ती उठून गेली तेव्हा तिचं लेकरू पदराचं ठिगळ तोंडात घालून चोखत होतं, आणि माझ्याकडे बघत होतं.

दोन वर्षांनी मला परत दिवस गेले. मुलगी झाली, अंगानं बारीक. पहिल्या दिवशी दोन-चार घोट प्यायली आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड लावेना. रडेना सुद्धा. डोळे उघडे ठेवून खुंटीकडे बघायची, जिथे पूर्वी लुगडी टांगलेली असत. सुईण ओव्याची धुरी देऊन गेली, जाताना सासूला अंगणात काही म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायची गरजही नव्हती. मी एकदा ते उघडं तोंड बघितलेलं होतं.

या वेळी नव्या कापडाचं नाव मी काढलं नाही. सासू पदर पसरून पाच घरं फिरून आली. परत आली आणि पाच तुकडे माझ्यापुढे गोधडीवर एकेक करून मांडले. पाटलाच्या घरचं धोतर. शेजारच्या म्हातारीचा लुगड्याचा काठ. तेलिणीकडचं एक. कुंभारणीकडचं एक. पाचवं तिनं जरा थांबून ठेवलं. ते पिंजाऱ्याच्या बायकोनं दिलेलं होतं. पिंजारी म्हणजे रस्त्यापलीकडचं मुसलमानाचं घर, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. त्यांच्याकडे गावोगावच्या चिंध्या यायच्या.

हिरवं होतं. वीतभर. विटून फिक्कं झालेलं, पण मधोमध तांबडं ठिगळ, आणि टाके उलटे.

"आत्याबाई, तुमी मुद्दाम आनलं."

"म्या पाह्यलंबी नाई. तिनं घडी करून देल्लं. इचार जाय तिले."

विचारायला जायची गरज पडली नाही. पिंजारीण मागोमाग आलीच, लेकराला बघायला. दारातूनच म्हणाली, "बहू, नाराज नको होऊ, ठिगळाचं हाये. आसेगावच्या बाईनं गादीसाठी फाटके कपडे देल्ले, त्यातलं येवढंच मऊ निघालं. बाकी सगळं सडेल होतं." मग तिनं मुलीकडे बघितलं. "या अल्ला," म्हणाली, आणि गेली.

घरात मी, सासू आणि ते लेकरू. बाहेर मोट चालू होती, तिचा कर्रकर्र आवाज येत होता. सासूनं सुई ओवून माझ्यासमोर धरली.

"चार तुकड्यायचीबी होते कुंची," मी म्हटलं.

"होते."

"हे फेकलं तर?"

"फेक. पहिले बी फेकलं होतं." मग सुई तशीच धरून म्हणाली, "तुहं लेकरू हाये. म्या नाई सांगत."

मी मुलीकडे बघितलं. तिचे डोळे खुंटीवरून हलले होते. हिरव्या तुकड्याकडे बघत होती असं मी म्हणणार नाही, चार दिवसांच्या लेकराला काय दिसतं. पण त्या बाजूला बघत होती. मला फार राग आला. मेलेल्या बाईचा राग, सासूचा, पिंजारणीचा, सगळ्या गावाचा, जिथे काहीच फेकून देता येत नाही. मग रागातच सुई घेतली आणि हिरवा तुकडा मधे घेतला, कुंचीच्या डोक्याला. ठिगळ उसवलं नाही. त्याच्या भोवतीनं शिवलं.

शिवून झाल्यावर सासूनं पुतळीकडे बोट केलं. "लाव तिले."

"तिचंच हाये," मी म्हटलं. "तिले काय दाखवाचं?"

सासू हसली. माझ्यासमोर ती पहिल्यांदा हसली. मी मात्र पुतळी कुंचीला लावली. नुसतं लावून थांबले नाही, तोंडानं म्हटलं, ऐक बाई, तुझं गेलं, माझं एक गेलं. हे राहू दे.

कुंची घातली. मुलीनं मान वळवली, कापड हुंगल्यासारखं केलं. बांडी गाय करायची तसं. मग तिनं तोंड उघडलं आणि रडली. चार दिवसांत पहिल्यांदा. मी छातीशी धरली तर प्यायला लागली, आणि अशी प्यायली की मला दुखलं. सुईण नंतर म्हणाली, ओव्याचा गुण. असेल.

ती जगली. ती कुंची तिनं वर्षभर घातली, मग सासूनं तिचं पुढे काय काय केलं ते मी विचारलं नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत कापड मिळेनासं झालं. पोरीबाळींनाही ठिगळं लावायला बसवावं लागलं. मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. मी तिच्यापुढे माझीच फाटकी चोळी टाकली, सुई ओवून उजव्या हातात दिली आणि पाणी ओतायला उठले. परत आले तर सुई डाव्या हातात होती. टाके उलट्या बाजूला कललेले होते, सरळ रांगेत, शिकवल्यासारखे. तोवर कोणाच्या शिवणाजवळ मी तिला बसवलंही नव्हतं.

सासू दारात बसली होती. तिनं बघितलं होतं. मला आठवलं, पहिलीला याच हातानं तिनं मारलं होतं. तो हात मांडीवर होता, उठला नाही.

"राहू दे वं," ती म्हणाली.

मी राहू दिलं.