प्रवाशाचे नाव

सकाळी आठला रेल्वेचं बुकिंग उघडलं. प्रवाशाच्या नावाच्या पहिल्या रकान्यात मी सरांचं नाव भरलं होतं, दुसऱ्यात माझं. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे संचालक. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. माझ्या खांद्यावरून त्यांचं बोट पुढे आलं आणि स्क्रीनवर टेकलं.

"हे काढ. मिसेसचं टाक. तू बसने ये, सॅम्पलच्या पेट्या घेऊन."

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि त्या दिवशी डब्यात सुकट आणू नकोस हं. परदेशी पाहुणा आहे."

शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ सहकारी म्हणाले, "डब्याचं काय घेऊन बसलात सर? खाडीवाले ते. वास अंगातच."

चौघे हसले. मी मोजले.

मी नाव काढलं. हे मला लिहायलाच हवं. माझा हात कोणी धरला नव्हता. माझ्याच बोटाने माझं नाव मी एकेक अक्षर पुसलं आणि त्या जागी, निवटी हा मासा की पक्षी हेही ठाऊक नसलेल्या बाईंचं नाव टाइप केलं.

निवटी मासाच आहे. चिखलात उड्या मारणारा, खाडीकाठी आवडीने खाल्ला जाणारा. कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातू त्याच्या शरीरात किती साठतात, हा माझा अभ्यासविषय. तीन वर्षं मी गुडघाभर चिखलात उभी राहिले. ओहोटीला निवटीचं बीळ कसं ओळखायचं, हे मला एमएस्सीने शिकवलेलं नाही. खाडीकाठच्या शिरवणे गावातल्या माझ्या आईने शिकवलं आहे. ज्या सुकटीवर ते हसले, ती खाऊनच मी त्यांच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचले.

तुलनेसाठी मी रत्नागिरीजवळच्या एका स्वच्छ खाडीतही नमुने घेतले होते. ती जागा पाहायला परदेशातले एक प्राध्यापक येणार होते. पनवेलहून गाडीने. त्यांचं तिकीट ऑनलाइन काढणं ऑफिसात कोणालाच जमेना, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी नियम वाचून काढले. परदेशी प्रवाशांसाठी वेगळा कोटा असतो. वर्षभर आधी जागा राखता येते. पासपोर्टचा क्रमांक लागतो. त्यांच्या नावाने खातं उघडायचं, तर ओटीपी त्यांच्या ईमेलवर जाणार आणि काही मिनिटांत बाद होणार. त्यांची पहाट, माझी दुपार. ते जागे राहून आकडे कळवत, मी इकडे भरत असे. चौथ्या प्रयत्नात त्यांची जागा पक्की झाली. आम्हा भारतीयांना मात्र बुकिंग साठच दिवस आधी खुलं होतं. आठ वाजताची घाई त्यासाठी होती.

त्या दुपारी मी प्राध्यापकांना कळवलं की सर आणि त्यांच्या पत्नी त्याच गाडीत असतील. त्यांचं उत्तर लगेच आलं. अत्यंत सभ्य. त्यांनी लिहिलं होतं: 'प्रवासाचं काम पाहणारी मुलगी हुशार आहे, असं तुमच्या संचालकांनी सांगितलंच होतं. निवट्यांचे सगळे नमुने त्यांनी एकट्याने, स्वतः चिखलात उतरून गोळा केले, हे ऐकून मला फार आदर वाटला.'

मी ते तीनदा वाचलं. प्रवासाचं काम पाहणारी मुलगी. एकट्याने. चिखलात उतरून.

सरांचे बूट खाडीच्या बांधावरूनच परत फिरायचे.

घरी आई निवट्याच साफ करत होती. मी गाडीने कोकणात जाणार म्हणून आठवडाभर ती शेजारणींना सांगत सुटली होती. तिने विचारलं, खिडकीजवळची जागा मिळाली का. मी सगळं सांगितलं. विळीवरचा तिचा हात थांबला नाही. मान वर न करता तिने एवढंच विचारलं, "गाडीचा जाऊंदे. तू लिवलास, त्या कागदान तरी तुजा नाव हाय का?"

मी लिहिलेल्या शोधनिबंधाच्या मसुद्यावर पहिलं नाव सरांचं होतं, दुसरं त्या हसणाऱ्या सहकाऱ्यांचं. माझे आभार मानले होते. शेवटी. तांत्रिक मदतीबद्दल.

दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यावरून, माझ्या पैशाने, मी त्याच गाडीचं एक तिकीट काढलं. थर्ड एसी, वरचा बर्थ. मग प्राध्यापकांना मेल लिहिली. विशेषण एकही नाही. माझी पदवी, माझं काम, आणि नमुन्यांच्या नोंदवहीची स्कॅन केलेली पानं. प्रयोगशाळेचा नियम आहे: निरीक्षण ज्याने केलं, सही त्याची. प्रत्येक पानावर तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि माझी सही. मेलची प्रत सरांना.

तासाभरात केबिनमध्ये बोलावणं आलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे वळवला. गैरसमज झाला, नमुने सरांच्या देखरेखीखाली घेतले, मी फक्त मदत केली, असं लिहून पाठव म्हणाले.

"सर, माझ्या मेलमधली एक ओळ खोटी असेल तर दाखवा."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतं. लक्षात आहे ना?"

"आहे."

कीबोर्ड तसाच माझ्यासमोर होता. मी हात मांडीवर ठेवले. पंख्याखाली कागद फडफडत होते आणि सर वाट पाहत होते; काल सकाळी मी ऐकलं, तसं आजही ऐकेन म्हणून.

मी उठले.

प्राध्यापकांचं उत्तर अजून आलेलं नाही. मी त्यासाठी अडून बसलेली नाही. मार्चमध्ये काय होणार, याचा अंदाज मला आहे. पण त्या गाडीत मी असेन. त्या खाडीत उतरेन, आणि निवटीचं बीळ मी दाखवेन, कारण तिथे ते दुसऱ्या कोणालाही सापडणार नाही. माझं नाव ज्यांना नको आहे, त्यांनी ते स्वतःच्या हाताने, सगळ्यांदेखत खोडावं. माझं बोट ते काम पुन्हा करणार नाही.