सदतिसावा उतारा

"बाई, पेपरात छापलेलंच खोटं असलं, तर भाषांतर कशाचं करायचं? वाक्याचं, की फळाचं?"

हुई च्याओनीने हा प्रश्न मला २०१० सालच्या नोव्हेंबरात, कॉलेजच्या गरम पाण्याच्या खोलीमागे विचारला. तिच्या दोन्ही हातांत भरलेले थर्मास होते आणि काखेत इंग्रजीची पुस्तिका होती. मला इंग्रजी शिकवायला लागून तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. पुढे जे काही सुचत गेले ते उत्तर नव्हते. ती फक्त उत्तराभोवती घातलेली प्रदक्षिणा होती.

च्याओनीचे गाव वेई नदीच्या उत्तरेकडच्या पठारावर. प्रवेशपरीक्षेच्या पायरीवर तिची दोन वर्षे गेली होती, म्हणून वसतिगृहाच्या खोलीत ती वयाने सर्वांत मोठी होती आणि बाकीच्या पाचजणी तिला रीतीप्रमाणे 'थोरली' म्हणत. भूगोलात ती नेहमी पहिल्या तिघांत असे. इंग्रजीची देशपातळीवरची परीक्षा मात्र तिने चारदा दिली होती आणि चारही वेळा तिचा निकाल काठावरून परतला होता. अशा विद्यार्थ्यांसाठी आमचे कॉलेज शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात स्वतःची एक परीक्षा घेत असे. त्यात श्रवण, वाचन आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतर असे तीन भाग होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात साठ गुण लागत. ही संधी एकदाच मिळे. ती हुकली तर अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला मिळे, पदवी मिळत नसे. च्याओनीच्या तालुक्यातल्या माध्यमिक शाळेने तिच्यासाठी भूगोलाची जागा राखून ठेवली होती. अट एवढीच की जूनमध्ये तिने पदवीचे प्रमाणपत्र आणून दाखवावे.

त्यामुळे त्या वर्षीचा तिचा सगळा शरद ऋतू त्या साठ गुणांमागे गेला. सकाळी साडेसहाला ती गरम पाण्याच्या खोलीमागच्या भिंतीशी उभी राही, कारण थंडीत तेवढीच भिंत उबदार असे. तिथे वीस-पंचवीस मुले एकाच भिंतीकडे तोंड करून मोठ्याने इंग्रजी वाचत असत आणि कोणालाही दुसऱ्याचे ऐकू येत नसे. दुपारी बारा चाळीसला कॉलेजच्या रेडिओवर जुन्या परीक्षांतले संवाद लागत. च्याओनी कानांवर हेडफोन चढवून, तिखट तेलातल्या शेवयांचा वाडगा पुढ्यात घेऊन ते ऐके. शेवया गार होऊन एकमेकींना चिकटत, पण तिचा चेहरा परक्या घरातले भांडण भिंतीआडून ऐकणाऱ्या माणसासारखा ताणलेलाच राही.

खोलीतली शांग येनफेई ही परीक्षा आधीच पार करून बसली होती. तिने च्याओनीला युक्ती शिकवली.

"थोरले, सगळं ऐकत बसू नकोस. 'पण' येईपर्यंत डुलकी काढ. 'पण' आला की उठ. उत्तर त्याच्या पुढेच असतं."

"आणि 'पण' आलाच नाही तर?"

"येतोच. तो माणूस काहीतरी मागतो, ती मुलगी 'देते, पण' म्हणते. सुखानं दिलं तर त्यांना प्रश्न कसा काढता येईल?"

ही युक्ती च्याओनीला पटली, मात्र तिने भलताच निष्कर्ष काढला. एकदा तिने मला आपली वही दाखवली. वहीत गेल्या सहा वर्षांच्या संवादांची नोंद तारीखवार होती: पुरुषाने नाटकाचे तिकीट मागितले, मिळाले नाही, पुरुषाने पुस्तक मागितले, ते दुसऱ्याकडे गेलेले, पुरुषाने तिला जेवायला बोलावले, तिची परीक्षा आहे.

"बाई, सहा वर्षं झाली. ती त्याला एकदाही काही का देत नाही?"

"अगं, ती वेगवेगळी माणसं आहेत. प्रत्येक संवादात निराळी."

"आवाज तर तेच आहेत."

"वाचणारे तेच. बोलणारे वेगळे."

तिने वहीचे पान उलटले. "म्हणजे ते खोटं बोलतात?"

"खोटं नाही. परीक्षा घेतात."

हा फरक तिला कळला असे मला वाटत नाही. मी तो तिला नीट सांगू शकले असते, असेही आता वाटत नाही.

भाषांतरासाठी आमच्या विभागाने साठ उताऱ्यांची एक पुस्तिका छापली होती. पतंग, चहा, कंदील, कागदी नक्षी असे विषय. परीक्षेत त्यातलाच एक उतारा येई, आणि तो कोणता हे डीनच्या कार्यालयात डब्यातून चिठ्ठी काढून ठरत असे. मुले साठच्या साठ उतारे पाठ करत. ते कठीणही नव्हते, कारण बहुतेकांचे पहिले वाक्य एकच होते: अमुक गोष्ट ही आपल्या देशाची प्राचीन परंपरा असून तिला हजाराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. सदतिसावा उतारा सुकवलेल्या शित्झवर होता. शित्झ म्हणजे टेंभुर्णीच्या कुळातले, मुठीएवढे केशरी फळ. त्या उताऱ्याचे शेवटून दुसरे वाक्य असे होते: 'शेतकरी सुकलेल्या फळांवर पांढरी पूड भुरभुरवतात, त्यामुळे ती सुंदर दिसतात व गोड लागतात.' हा उतारा मी तयार केला होता. एका पर्यटन-पत्रकातून तो जवळजवळ उतरवून घेतला होता. मी शहरातली, शित्झ मी दुकानात पाहिलेले, तेही कागदात गुंडाळलेले.

च्याओनीचे घर शित्झवर चालत होते. पहिले हिम पडले की फळे उतरवायची, सोलायची आणि मांडवाला टांगायची. चाळीस दिवस ऊनवारा खाऊ द्यायचा, मधून मधून एकेक फळ हाताने मळायचे. मग सुकलेल्या सालींच्या थरांत रांजणात ती दाबून ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत फळ आतली गोडी बाहेर सोडते आणि त्याच्या अंगावर पांढरे हिम धरते. वरून काही टाकावे लागत नाही. पण बाजारात येणारा प्रत्येक गिऱ्हाईक अंगठ्याने ते पांढरे घासून बघे आणि विचारी, "पीठ लावलंय ना?" म्हणून तिच्या वडिलांनी एक रीत पाडली होती. रांजणाचे झाकण गिऱ्हाइकासमोर काढायचे, एक फळ मोडायचे, अर्धे आधी आपल्या तोंडात घालायचे आणि उरलेले अर्धे समोरच्याच्या हातावर ठेवायचे. पिठाच्या एका शब्दावरून त्यांनी सख्ख्या मेहुण्याशी चार वर्षे बोलणे टाकले होते.

सदतिसावा उतारा पाठ करायची वेळ आली तेव्हा च्याओनीने घरी फोन केला. तो संवाद तिने मला पुढे शब्दशः सांगितला. स्वरात तक्रार नव्हती, संवादांच्या वहीतली नोंद वाचून दाखवावी तसे सांगितले.

"आई, परीक्षेत आपलं फळ आलंय."

"कोणी नेलं?"

"नेलं नाही गं, लिहिलंय. पुस्तकात. आपण वरून पूड टाकतो म्हणून."

"कोणाच्या पुस्तकात?"

"आमच्या बाईंच्या."

"त्या शिकलेल्या आहेत ना?"

"हो."

"मग त्यांना घरी घेऊन ये. रांजण दाखवते. आणि च्याओनी, तू तसलं काही लिहू नकोस. बापानं ऐकलं तर चार दिवस जेवायचा नाही."

"ते इंग्रजीत आहे आई. बाबांना कळणार नाही."

"तुला कळेल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, थर्मास हातात घेऊन, तिने मला तो प्रश्न विचारला. मी आधी तिला शिक्षकाचे उत्तर दिले. परीक्षेत साक्ष द्यायची नसते, दुसऱ्याने म्हटलेले नीट पोचवायचे असते, असे म्हणाले.

"पोचवणाऱ्याला खरं माहीत असलं तरी?"

"छापलंय तसं लिही, च्याओनी, आणि पास हो. साठ गुण घे. मग आयुष्यभर मुलांना खरं शिकव."

तिने मान हलवली. आमच्याकडे विद्यार्थी शिक्षकासमोर मान हलवतात तेव्हा ते होकार देत असतात की केवळ ऐकल्याची पोच देत असतात, हे इतक्या वर्षांत मला ओळखता आलेले नाही.

त्याच दुपारी मी विभागप्रमुख शुए सरांकडे गेले.

"सर, सदतिसावा उतारा दुरुस्त करायला हवा. ते पांढरं फळातूनच येतं म्हणे."

"कोण म्हणतं?"

"एक विद्यार्थिनी. तिच्या घरी हेच काम आहे."

शुए सरांनी चहाच्या पेल्यातली पाने फुंकरीने बाजूला सारली. "आपण इंग्रजी तपासतो, बाई, फळं नाही. आठशे प्रती वाटून झाल्यात. आता एकीला एक सांगितलं आणि बाकीच्यांना दुसरं, असं होईल. आणि साठांत तो एक. येईलच कशावरून?"

मला ते तेव्हा रास्त वाटले होते. आजही मी त्यांच्या म्हणण्यात चूक दाखवू शकत नाही, आणि माझ्या गोंधळाचा बराचसा भाग तोच आहे.

परीक्षा ११ डिसेंबरला, शनिवारी झाली. डब्यातून सदतीस क्रमांकाची चिठ्ठी निघाली होती.

श्रवणाच्या भागात काय घडले ते च्याओनीने मला नंतर सांगितले. पहिल्याच संवादात त्या माणसाने पुन्हा नाटकाचे तिकीट मागितले. च्याओनी 'पण'ची वाट पाहत बसली. मुलगी म्हणाली, माझ्याकडे दोन आहेत, एक तू घे. 'पण' आलाच नाही.

"त्याला तिकीट मिळालं, बाई. सहा वर्षांनी. मी ऐकतच राहिले. भानावर आले तेव्हा पुढचे दोन प्रश्न होऊन गेले होते."

पेपर तपासायला आम्ही तिघे एका खोलीत बसलो होतो. नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, पण पेन दाबून लिहिण्याची तिची सवय अशी की अक्षरे पानाच्या पाठीवरही हाताला लागत. त्यामुळे गठ्ठ्यातला तो कागद कोणाचा हे मला वाचण्याआधीच समजले. भाषांतर स्वच्छ होते. पहिले वाक्य पाठ केलेले, बाकीचीही नेमकी. फक्त त्या एका वाक्याच्या आधी तिने काही शब्द घातले होते: 'असे म्हटले जाते की, शेतकरी सुकलेल्या फळांवर पांढरी पूड भुरभुरवतात, त्यामुळे ती सुंदर दिसतात व गोड लागतात.'

मी थांबले. शेजारून शुए सरांनी वाकून पाहिले.

"मुळात आहे का ते?"

"नाही."

"मग?"

मुळात नसलेली भर घातली की दोन गुण वजा, हा नियम आम्ही तिघांनी मिळून लिहिला होता आणि त्या सकाळपासून मी तो सात पेपरांना लावला होता. आठव्यालाही लावला. बाकीचे भाग दुसऱ्या खोलीत तपासले जात होते; त्यांचे गुण मला माहीत नव्हते. माहीत असते तर मी काय केले असते, याची दोन उत्तरे माझ्याजवळ आहेत आणि दोन्हींवर माझा सारखाच अविश्वास आहे.

दोन दिवसांनी गुणांची बेरीज झाली. एकोणसाठ.

फेरतपासणीत फक्त बेरीज पाहतात. बेरीज बरोबर होती. तिचा साठावा गुण तिकिटाने नेला की पुडीने, हे कोणीही सांगू शकत नाही. येनफेई मात्र खोलीत तिला म्हणाली, "थोरले, साठ उतारे पाठ केलेस आणि एकाच ओळीत शहाणपणा केलास. गाढवाला तरी असं जमलं नसतं." असे म्हणून तीच रडली, आणि च्याओनीने तिला गरम पाणी ओतून दिले.

शाळेची जागा शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलाला मिळाली. जूनमध्ये वर्गाने पदवीचे झगे घालून फोटो काढले, तेव्हा इतरांच्या पिशव्या सांभाळत ती कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होती. त्याच संध्याकाळी ती माझ्या घरी आली. सोबत गावाकडचा लहानसा रांजण होता. तिने माझ्यासमोर झाकण काढले, एक फळ मोडले, अर्धे आपल्या तोंडात घातले आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले. नकळत माझा अंगठा त्या पांढऱ्यावरून फिरला. तिने ते पाहिले.

"विरघळतंय ना? पीठ असं विरघळत नाही."

"च्याओनी, मी सांगितलं होतं तसं लिहिलं असतंस तर."

"तसंच लिहिलं, बाई. तुमचंच वाक्य ठेवलं, एक शब्द खोडला नाही. आधी फक्त 'असे म्हटले जाते' घातलं. तेही तुमच्याच पुस्तिकेतलं आहे. बाराव्या उताऱ्यातलं, चंद्रावरच्या सशाचं. सशाला चालतं, तर फळाला का नाही?"

मी ते अर्धे फळ तोंडात घातले. मी ते सावकाश चघळत राहिले, म्हणजे बोलावे लागू नये.

जाताना तिने रांजण माझ्याकडेच ठेवला आणि पुस्तिका परत दिली. तिच्यातल्या सदतिसाव्या उताऱ्याशेजारी पेन्सिलीने काहीतरी लिहून मग खोडलेले होते. उजेडात धरूनही ते मला लागले नाही.

२०१४ साली कॉलेजने नियम बदलून जुन्या विद्यार्थ्यांना या परीक्षेस बसण्याची मुभा दिली. त्या डिसेंबरात हुई च्याओनी गावाहून येऊन परीक्षेला बसली आणि एकाहत्तर गुणांनी उत्तीर्ण झाली; त्या वर्षी उतारा कंदिलांवर होता.