पोतनीस काकांच्या रिपोर्टमधला स्फोट

पोतनीस काका आज पहाटे दुबईजवळच्या अजमानला वारले आणि दुपारपर्यंत शूर झाले.

टीव्हीवर एक अँकर बुलेटप्रूफ जाकीट घालून त्यांना श्रद्धांजली वाहत होता.
स्टुडिओत. एसीत.
खाली पट्टी : 'रणांगणाचा आवाज हरपला.'

काका रेडिओचे वार्ताहर. रणांगणात कधी गेले नाहीत, तसा दावाही केला नाही. सीमेच्या अलीकडे उभं राहायचं, दिसेल तेवढं सांगायचं, फोन ठेवायचा.

दुबईतल्या त्याच रेडिओवर मी तेव्हा नवा. त्यांचे रिपोर्ट एडिट करायचो. संस्कृतात एमए, म्हणून त्यांच्या लेखी मी 'शास्त्रीबुवा'.

"शास्त्रीबुवा, प्रत्यक्ष कशाला म्हणतात?"
"इंद्रियांना जाणवतं ते."
"मग मला जे ऐकू आलं नाही, ते लोकांना ऐकवू नका. खलास."

शेजारी युद्ध पेटलं. काकांचा सीमेवरून रिपोर्ट आला : ट्रकांची रांग उभी आहे, ड्रायव्हर चहा पितायत, इथे सगळं शांत आहे.

मॅनेजर म्हणाले, "ये वॉर है या पिकनिक? कुछ तो डालो यार."

मी 'शांत आहे' कापलं. तिथे साउंड लायब्ररीतला एक स्फोट बसवला. फार सुबक बसला.

अबुधाबीजवळ मुसफ्फातल्या कामगारांच्या कॅम्पात गुहागरचा एक वेल्डर ते ऐकत होता. त्याचा धाकटा भाऊ त्याच रांगेत ट्रक घेऊन उभा होता.
दोन दिवस भावाचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी वेल्डरने भाऊ गेल्याचं गावी कळवलं.
भावजयीच्या बांगड्या फोडल्या.
पाचव्या दिवशी भाऊ परत आला. दाढी वाढलेला, भुकेला, धडधाकट.

काका मुसफ्फाला जाऊन वेल्डरला भेटले. दुसऱ्या दिवशी ऑन एअर म्हणाले, "त्या रिपोर्टमधला स्फोट झालाच नव्हता. चूक माझी आहे."

आठवड्याभरात त्यांना काढलं.
मला प्रमोशन. का, तर 'साउंडची उत्तम जाण'.

"काका, माझं नाव का नाही घेतलंत?"
"तुमचं तुम्ही घ्याल. इन्शाल्ला."

आज जाकीटवाल्या चॅनेलमधून एका मुलीचा फोन आला.
"सर, ती बॉर्डरवाली क्लिप तुमच्याकडे आहे ना? ब्लास्टवाली? आठच्या बुलेटिनला हवीये."
"माझ्याकडे मूळ टेप आहे. तिच्यात ब्लास्ट नाही."
"नो इश्यू सर, आम्ही टाकतो."

टेप दिली नाही.

जाकीट घालून एसीत घाम पुसणाऱ्या या जमातीची मी इतकी वर्षं टिंगल करतोय. पार्ट्यांमधून त्यांच्या नकलाही करून दाखवतो. आपण त्यांच्या घराण्यातले ज्येष्ठ आहोत, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

तर ऐका.
तो स्फोट मी घातला होता. काकांना त्याची कल्पनाही नव्हती. गुहागरकडचं कोणी हे वाचत असेल, तर त्या घरी जाऊन सांगा.

काका, नाव घेतलं. तुम्ही असताना घ्यायला हवं होतं.

निरोप घेतो. मागे कसलाही आवाज घातलेला नाही.