नलूकाकीची पट्टी

आमच्या शेजारची नलूकाकी टीव्ही बघायची ती आवाज पूर्ण बंद करून. तुळशीपुढे दिवा लागला की ती आत यायची, भिंतीला पाठ टेकून खाली बसायची आणि आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल लावायची. पडद्यावर नट-नट्या नाचत असायच्या, पण त्यांच्याकडे तिचं लक्षच नसायचं. तिचे डोळे खाली सरकणाऱ्या पट्टीवर. उद्या वीज कधी जाणार, कुणाचं पाकीट हरवलं, कुणाच्या नातीचा वाढदिवस, आणि मध्येच काळ्या रंगात दुःखद निधन. मध्ये कुणी उभं राहिलं की ती चिडायची. "बाजूला हो गं वैशू. तुज्यामागनं मानूस निघून जातो," हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

पट्टीवरचं नाव ओळखीचं निघालं की काकी टीव्ही तसाच चालू ठेवून उठायची. पदर खोचायचा, चुलीवर भात चढवायचा, दुसरीकडे पिठलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. पहिलं जेवण बाहेरून यायला लागतं. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. तो नेणं हे काकीने स्वतःकडे घेतलेलं काम. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "त्यांची चूल आज पेटायची नाय. आपली तरी पेटू दे." डोक्यावर टोपलं घेऊन ती पालघरजवळच्या आमच्या माहीम गावातल्या कुठल्याही आळीत जायची, आणि लांब असेल तर रिक्षाने केळव्यालाही. तिथे ती रडायची नाही, उपदेश करायची नाही. पानं मांडायची, वाढायची, आणि जो जेवत नसेल त्याच्यासमोर गप्प बसून राहायची. शेवटी तो जेवायचा. भांडी घासूनच ती परत निघायची.

ही बाई गोड स्वभावाची होती असं कुणी समजू नये. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. वाडीच्या पाण्यावरून मागल्या आळीतल्या माणसाशी तिचं असं वाजलं होतं, की त्याच्या घरावरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची. तो गेला तेव्हा माझ्या आईला वाटलं, आज काही काकी उठत नाही. पण पिठल्याची फोडणी आमच्या घरापर्यंत आली. आई कुंपणापाशी जाऊन नुसतं बघत राहिली, तर काकी तिच्यावरच डाफरली. "बगतेस काय? त्याच्या पोरांनी काय केलंय? भांडन उद्या हाय." आणि खरंच, तेरावं झाल्यावर तिने त्याच्या मुलाला पाण्यावरून गाठलंच.

तिचा मुलगा अविनाश माझ्याच वर्गातला. आता पालघरला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मागच्या दिवाळीला तो एक भलामोठा टीव्ही घेऊन आला. जुना टीव्ही त्याने पडवीत ठेवला आणि केबलची तार काढायला मुकुंदला बोलावलं. मुकुंद म्हणजे आमचा केबलवाला. आता तोच घरोघर इंटरनेट बसवतो. आपल्याच हाताने आपल्याच तारा उतरवत फिरतो. "लोकांनाच नकोय तर मी काय करू," असं तो म्हणाला, आणि त्याच्यावर रागावण्यात काही अर्थ नव्हता.

मी त्या संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन गेले होते. अवी रिमोट घेऊन खाली मांडी ठोकून बसला होता. या ॲपवर मालिका बऱ्या आहेत, त्या ॲपवर जुने मराठी सिनेमे मिळतात, हे इंटरनेटबरोबर फुकट येतं, ते मेहुण्याच्या पासवर्डवर चालेल, असा त्याचा हिशेब चालला होता. बायकोला विचारत होता, मुलाला विचारत होता, फोन करून मित्राला विचारत होता. ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं ती चकल्या डब्यात भरत होती. शेवटी त्याला आठवलं आणि त्याने विचारलं, आई, तू नक्की काय बघतेस? काकी म्हणाली, "पट्टी." सगळे हसले. अवी म्हणाला, अगं, आता जगातलं सगळं दिसेल तुला. काकीने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "माहीम दिसंल?"

त्यावर तर सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही, कारण मला तिचा चेहरा दिसत होता. मी म्हटलं, अवी, केबल राहू दे ना, तिला सवय आहे. तर मला म्हणतो, तू शाळेत शिकवतेस आणि असं बोलतेस? जग कुठे चाललंय. मला असल्या बोलण्याची चीड येते. जग कुठे जायचं तिथे जाऊ दे, पण जाताना दुसऱ्याच्या घरातली तार का कापून नेतं? अवीने गाणी लावून दिली, रिमोटवरचं एक लाल बटण दाखवलं आणि तो पालघरला निघून गेला. काकी काही दिवस त्या मोठ्या पडद्यासमोर बसली. आवाज बंद करून. खाली पट्टी कधी येते त्याची वाट बघत.

मंजूमावशी त्याच थंडीत गेली. मंजूमावशी म्हणजे काकीची केळव्याची मैत्रीण; दोघींचं माहेर एकाच आळीत, मंजूचं सासरही तिथेच. वर्षातून एकदा दोघी शीतलादेवीच्या देवळात भेटायच्या आणि दिवस उतरला तरी बोलणं संपायचं नाही. ती गेल्याची बातमी पट्टीवर आली असणारच. ती पट्टी बघायला काकीच्या घरात केबल नव्हती. मंजूमावशीच्या मुलाने अवीच्या फोनवर निरोप पाठवला होता. काकीच्या फोनवर नुसतं बोलता येतं. अवीने निरोप वाचला, हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि आईला सांगितलं नाही. का, तर तिचं बीपी वाढेल. ती थंडीवाऱ्यात धावत सुटेल. दोन दिवस जाऊ देत, मग सांगू. आणि मग तो विसरला.

काकीला ते कळलं दाराशी बसलेल्या कोळणीकडून. बोंबील निवडता निवडता ती सहज म्हणाली, तुजी केळव्याची मैत्रीन गेली ना, लई वाईट झालं. मी तेव्हा आमच्या ओट्यावर होते. काकीच्या हातात बोंबील तसाच राहिला. ती रडली नाही. हात धुतले आणि आत जाऊन पिठलं करायला घेतलं. माझी आई म्हणाली, नलू, आता काय उपयोग, त्यांच्याकडे चूल कधीच पेटली असेल. काकीने टोपलं डोक्यावर घेतलं. मग मीच तिच्याबरोबर रिक्षात बसले, कारण तिला एकटीला सोडायची मला भीती वाटली.

केळव्याच्या त्या घरात खरंच चूल पेटली होती. सून पोळ्या लाटत होती, पाहुणे चहा पीत होते. काकी टोपलं घेऊन दारात उभी राहिली तेव्हा सगळे अवघडले. वेळ चुकलेला कडू घास घेऊन कुणी येत नाही. कुणीतरी हळूच तसं म्हणालंही. मग आतल्या खोलीतून मंजूमावशीचे यजमान, भास्करकाका, भिंत धरत बाहेर आले. सुनेने मला नंतर सांगितलं, की मावशी गेली त्या दिवशी हॉटेलातून पार्सल आणलं होतं, सगळे जेवले, पण काका जेवले नाहीत. नलू येईल, असं म्हणत दाराकडे बघत बसले. रात्री कसलंतरी बिस्कीट पाण्यात बुडवून खाल्लं.

काका काकीला म्हणाले, "उशीर केलास गं."

"मला कुनी सांगितलंच नाय, भावोजी."

ते खाली बसले. काकीने पान मांडलं आणि भरल्या घरात, चूल पेटलेली असताना, त्यांनी तिच्या हातचा गार झालेला पिठलं-भात खाल्ला. काकी समोर बसून राहिली. परत येताना रिक्षात काकीने माझा हात असा धरला होता की माझी बोटं दुखायला लागली.

रविवारी अवी आला. मला वाटलं होतं ती घर डोक्यावर घेईल. तिने आवाजही चढवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "आदी मानूस सगळ्या गावात मरायचा. आता ज्याच्या त्याच्या फोनात मरतो. हा टीवी घेऊन जा." अवी म्हणाला, आई, मी तुझ्या काळजीपोटी नाही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "माजी मैत्रीन मेली, ते मलाच कळू द्यायचं नाय, हे तू कोन ठरवनार?" टीव्ही गाडीत घालताना अवी माझ्याकडे बघून म्हणाला, म्हातारपणी माणसं हट्टी होतात. मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकीने मुकुंदला पुन्हा तार लावायला सांगितलं. पण आमच्या आळीतले सगळेच इंटरनेटवर गेले होते, खांबांवरच्या तारा उतरल्या होत्या. थोड्याच दिवसांत ते चॅनलही बंद पडलं. मुकुंद म्हणाला, काकी, आता निरोपांचा ग्रुप केलाय, फोनवर या. काकीने त्याला फोनसकट हाकललं. मग ती सकाळी रस्त्यावर येऊन बसायला लागली. केळव्याकडून येणाऱ्या कोळणी, दूधवाला, रिक्षावाले, जो दिसेल त्याला अडवायची. "तुमच्याकडे सगळे बरे हाईत ना?" नवख्या माणसाला वाटायचं, किती प्रेमळ म्हातारी आहे. तिला उत्तर हवं असायचं. कुणी गेल्याचं कळलं की ती उठून चुलीकडे जायची.

या पावसाळ्याआधी ती गेली. दुपारी जेवून लवंडली ती उठलीच नाही. अवी आला, नातेवाईक आले, सगळं रीतीने झालं. स्मशानातून माणसं परतली तेव्हा अवी पडवीत फोन बघत बसला होता. शेकडो लोकांनी हात जोडलेत, असं तो मला म्हणाला. मग त्याने मुलांसाठी जेवण मागवायचं ठरवलं. बराच वेळ फोनशी खेळला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, यात माहीम येतच नाही गं.

त्याला काही आठवलं असेल तर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. आमच्या घरात आईने भात चढवलेला होता. मी तिला मदत करायला वळले, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. भास्करकाका उतरले. त्यांच्या मागे त्यांची सून, तिच्या डोक्यावर टोपलं. कोळणीने त्यांना सांगितलं होतं. काकांना धड उभं राहवत नव्हतं, तरी त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पडवीत, त्या जुन्या टीव्हीशेजारी ते खाली बसले आणि सुनेला म्हणाले, "वाढ. नलूची चूल आज पेटायची नाय."

अवी म्हणाला, मला भूक नाही. काकांनी पान त्याच्याकडे सरकवलं. त्याच्यासमोर बसून राहिले, काकी बसायची तसे. खूप वेळाने अवीने घास घेतला आणि तो तोंडात असतानाच रडायला लागला, लहान मुलासारखा, नाक ओढत. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी त्याच्या पानात आणखी भात वाढला.