चार की आठ

कुरकुंभच्या औषध कंपनीत माझं काम पेशी वाढवण्याचं. माणसाच्या पेशी, काचेसारख्या स्वच्छ बाटल्यांत. दर दोन दिवसांनी त्यांचं पाणी, म्हणजे मीडिया, बदलावं लागतं. पेशींना रविवार कळत नाही. बाकीच्यांना घरं होती, मला एक भाड्याची खोली होती, म्हणून रविवार माझ्याकडे आले. मी तक्रार केली नाही. खोलीत तरी काय करणार होते?

मागच्या वर्षी नवं काम आलं. पेशीतलं एक जनुक जवळजवळ गप्प होतं. ते न कापता, न बदलता, आहे तसंच ठेवून त्याच्याकडून जास्त काम करून घ्यायचं होतं. गावी, राहूला गेले तेव्हा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगायला बसले. त्यांनी ऐन वयात मेंढरं राखली. लोकर कातरायची जुनी कातर अजून खुंटीला आहे, धार गेलेली.

"तसलीच कातर आहे आमची," मी म्हणाले. "धार मुद्दाम घालवलेली. ती जनुकाच्या अलीकडे जाऊन नुसती धरून बसते."

"आन् कापत न्हाई?"

"नाही. तिच्या पाठीवर हाक मारणारा बसवलेला असतो. हाकेनं जनुक उठतं आणि कामाला लागतं."

"हाकंनं उठतंय? मंग तुझ्या भावावानी न्हाई ते." हसले आणि डोळे पुसू लागले. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पाणी सारखंच यायचं.

कातरीला नेमकी जागा दाखवायला एक छोटा वाटाड्या लागतो. आम्ही दहा वाटाडे बनवून घेतले होते. कुठला जनुकाला चांगलं उठवतो हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या फेरीत चौथा बरा वाटला, आठवा अगदीच वाया. दुसऱ्या फेरीच्या वेळी आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दोन दिवस रजा टाकली. निघायच्या आधी घाईत चौथ्याची नवी नळी भरली, झाकणावर आकडा टाकला आणि दौंडची जीप पकडली.

फेरी माझ्या जोडीदारानं केली. तो आंध्रचा, तिशीचा, कंत्राटावर. दीड वर्षं एका टेबलावर काम करत होतो आणि दिवसाला चार वाक्यं बोलत होतो, तीही मोडक्या हिंदीत. तो डबा त्याच्या बाटल्यांकडे तोंड करून खायचा, मी माझ्या.

परत आले तर आठव्यानं जनुकाचं काम कितीतरी पटीनं वाढवलेलं. वहीत चौथ्यापुढे त्यानं लिहिलं होतं, नळी सापडली नाही. मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. आमच्या विभागाचे सर खूश झाले. खात्री करायला मी आठवा पुन्हा लावला. काही नाही. परत लावला. जनुक गप्पच.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "त्यानं नमुने उलटेपालटे केले असणार, मॅडम. महिनाअखेरीला त्याचं कंत्राट संपतंय. नाही वाढवत. काय म्हणता?"

मी म्हणाले, "तुम्ही ठरवा."

त्याला बातमी लागली. दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, मैं आठ ही डाला. डिब्बे में दो आठ थे. भरा हुआ वाला लिया."

"दो आठ कैसे होंगे?" मी म्हणाले आणि पिपेट उचललं. त्याच्या सांगण्यावर थांबून विचार करावा, एवढंही मी केलं नाही.

त्याच आठवड्यात आप्पांना डोळे दाखवायला दौंडला नेलं. भिंतीवर मराठी आकड्यांचा तक्ता होता. आप्पा एक डोळा झाकून वाचत होते, "सात... तीन... चार..." मी पुसायला चष्मा काढला होता. चष्म्याशिवाय तक्ता अंधुक दिसत होता, आणि आप्पा ज्याला चार म्हणाले तो मला आठ दिसला. इंग्रजी आठ.

"चारच ना गं?" आप्पांनी विचारलं.

"चारच," मी म्हणाले. चष्मा चढवून पुन्हा तक्त्याकडे बघितलं.

माझी शाळा मामाच्या गावची, तळेगाव ढमढेऱ्याची. पाढे मराठीत, गणितं मराठीत. कंपनीत कागदावर मी इंग्रजीच आकडे लिहिते. पण घाईत हात शाळेत जातो.

सकाळी फ्रीजर उघडला. डब्यात दोन आठ होते. एक छापील 8. दुसरा माझ्या अक्षरातला ४, बर्फानं वरची दोन टोकं जवळ आणलेली.

सरळ केबिनमध्ये गेले. नळी टेबलावर ठेवली.

"सर, चूक माझी आहे. त्यानं बरोबर काम केलं."

सरांनी नळी फिरवून फिरवून बघितली. "इतक्या वर्षांच्या नोकरीत, मॅडम, तुम्ही?"

"हो."

"लिहून द्यावं लागेल. तुमच्या फाइलला लागेल."

"देते."

लिहून दिलं. चौथा वाटाड्या पुन्हा लावला आणि जनुक उठलं, पहिल्या हाकेला. मशीनच्या पडद्यावर रेघ वर चढताना खोलीत मी एकटीच होते. आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं. औषधाचे थेंब संपल्यात, येताना आन."

त्याचं कंत्राट वाढलं. मी त्याची माफी मागितली, हिंदीत, फार वाईट हिंदीत. तो म्हणाला, "कोई बात नहीं, मॅडम. एक बार सब नंबर लिख के दीजिए." हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडून मी एक ते दहा मराठी आकडे लिहून दिले. सातवर तो अडला. "ये छे नहीं?" "नहीं, सात." तो हसला. दीड वर्षात मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. ते झाकण त्यानं फ्रीजरच्या दाराला चिकटवलं.

पुढच्या आठवड्यात तो गोळ्यांच्या विभागात गेला. बदली त्यानंच मागितली होती. "उधर तेलुगू लोग हैं, मॅडम. खाना साथ में खाते हैं."

सरांनी आता नियम काढलाय, नळीच्या झाकणावर फक्त छापील आकडे. त्यामुळे दारावरच्या यादीचा उपयोग राहिलेला नाही. रविवारी मीडिया काढायला फ्रीजरशेजारच्या फ्रीजजवळ जाते तेव्हा ती समोर येते. एक कोपरा सुटला होता, तो परवा मी नव्या चिकटपट्टीनं लावला.