कॅश मी ठेवतच नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनतीनदा सांगायला बसलो आणि — दुसरंच काहीतरी बोलून उठलो. आत्तासुद्धा आधी त्या कार्डाचं कौतुक सांगावंसं वाटतंय. का, ते कळेलच तुम्हाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोपरखैरण्यात आमचा नवा फ्लॅट, खाली माझी सेकंडहँड गाडी आणि पाकिटात नुकतंच आलेलं क्रेडिट कार्ड. सोसायटीत तेव्हा दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. मी ते उगाच काढून बघायचो. हसू येतं ना?

एका रविवारी दुपारी नावड्याहून फोन आला. माझी सुमीआत्या — बाबांची एकुलती एक बहीण — बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. तिची शेजारीण म्हणाली, लगेच निघा, भावाला बोलावतेय. बाबा अंगावरच्या कपड्यांनिशी जिना उतरले.

गाडीत पेट्रोल नव्हतं. शिरवण्याजवळच्या पंपावर टाकी भरून घेतली आणि मी कार्ड पुढे केलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहेब, कॅश द्या ना. कार्डावर जादा पैसे लागतात, टाइम पण जातो."

बाबा शेजारीच बसले होते. मी म्हणालो, "कॅश मी ठेवतच नाही."

ठेवत नाही! पँटच्या मागच्या खिशात शंभराच्या नोटा होत्या, आदल्या दिवशीच बँकेतून काढलेल्या. मी त्यांच्यावरच बसलो होतो.

फुशारकी होती ती, दुसरं काय? पण एवढ्या रकमेला फोनवरून बँकेची मंजुरी लागते म्हणाला तो, आणि बँकेचा चोवीस तासांचा कार्डाचा नंबर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. बाबा गाडीतून उतरले. केबिनच्या दारापर्यंत गेले, परत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं पाकीट घरीच राहिलं रे. घाईत विसरलो मी."

तेव्हा — तेव्हा तरी काढायच्या ना नोटा? हात मागे गेलाही होता. पण मग आत्ताच बोललो त्याचं काय? बाबांसमोर, त्या पंपवाल्यासमोर — लाज वाटली. एवढंच. आणि मी म्हणत राहिलो, "लागेल आता फोन, टेन्शन घेऊ नका."

शेवटी अर्ध्या तासाने मंजुरी आली. त्याने कार्ड यंत्रात ठेवून वरून खर्रकन दांडा ओढला, पावतीवर नंबर उमटले. मी ऐटीत सही केली. हो, ऐटीतच.

नावड्याला शेजारीण दारातच उभी होती. "आताच गेली वो. सारखी इचारीत व्हती, दादा आला का."

बाबा आत गेले. मी बाहेर चपला काढत राहिलो. किती वेळ काढत होतो कोणास ठाऊक.

वेळेत पोचलो असतो का? कदाचित तरीही — नाही. ही पळवाट झाली. पोचलो असतो.

नातेवाइकांना बाबा सांगायचे, "मीच पाकीट विसरलो. पोराचं कार्ड अडकलं, तो तरी काय करणार?" त्यानंतर खाली दूध आणायला जातानाही ते खिसा चाचपून बघत. मी बघायचो — आणि पेपरात डोकं घालायचो. किती सकाळी गेल्या तशा! एकदाही तोंड उघडता आलं नसतं?

मग बाबांचं शेवटचं आजारपण आलं. एका संध्याकाळी मी उशाशी बसलो होतो. छताकडे बघत ते म्हणाले, "सुमीची भेट माझ्यामुळे चुकली. तुला काय वाटतं रे?"

मला विचारलं त्यांनी. मलाच.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "जाऊ द्या बाबा. माणूस आहे, विसरतो."

मी त्यांना माफ केलं. आणि त्यांना बरं वाटलं.