लिस्बन ते माद्रिद: सव्वा तास की सव्वादोन?

लिस्बनच्या अदेलीनो न्हाव्याने हट्टापायी दोन गोष्टी कधी केल्या नाहीत. स्पेनमध्ये पाऊल ठेवलं तरी मनगटावरचं घड्याळ तिथल्या वेळेला लावलं नाही, आणि एकुलत्या एक लेकीने, ग्रासाने, माद्रिदच्या पोराशी लग्न केलं तेव्हा लग्नाला गेला नाही. "स्पेनकडून ना वारा चांगला येतो, ना सोयरीक," ही जुनी म्हण त्याने तेव्हा गिऱ्हाइकांना ऐकवून ऐकवून त्यांचे कान किटवले.

चार वर्षांनी ग्रासाचाच फोन आला. "बाबा, बाप्तिस्म्याला बाळाला तुम्हीच धरायचं. तुमच्या घड्याळात अकरा वाजता, बरं का!" म्हातारा विरघळला. तिकिटं त्याच दिवशी काढली.

तिकिटावर लिहिलं होतं, सातला सुटणार, सव्वानऊला पोहोचणार. वैमानिक म्हणाला, पाचशे किलोमीटर, सव्वा तास.

"सातात सव्वा मिळवले की सव्वानऊ होतात?" अदेलीनो चक्रावला. "हा शाळेत गेला होता की नाही?"

"अहो, तिथली घड्याळं तासभर पुढे असतात," बायको फिलोमेना म्हणाली.

"मग त्यांनी मागे घ्यावीत!" म्हणून तो घोरायला लागला. याचा हट्ट आपल्याला उशीर करणार, या धास्तीने तिने त्याचं घड्याळ हळूच तासभर पुढे केलं. सांगितलं मात्र नाही. सांगून विमानात तमाशा कोणाला हवा होता?

उतरल्यावर त्याच्या मनगटावर सव्वानऊ. "बघ! सव्वादोन तास लागले. खोटारडा लेकाचा!"

फिलोमेना बाळाला तयार करायला लेकीकडे गेली. हा कुठल्या तोंडाने जावयाच्या दारात उभा राहणार? विचारत विचारत तो थेट चर्चमध्ये पोहोचला. घड्याळात अकराला पाचच मिनिटं कमी होती, आणि आत कुणी नव्हतं. बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवतीची फरशी मात्र ओली होती. बाहेर पायऱ्या झाडणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "झाला की आत्ताच. गेले सगळे."

म्हणजे उरकलंसुद्धा! अकरा म्हणजे नेमके कुठले अकरा? तासभर मिळवायचा होता की वजा करायचा होता? की लेकीने मुद्दामच चुकीची वेळ सांगितली? लग्नाचं उट्टं काढलं? त्याला काही उमजेना. तो पायरीवर बसला आणि भर रस्त्यात रडला.

किती वेळ गेला कोण जाणे. वर बघतो तर समोर ग्रासा, कडेवर पांढऱ्या झबल्यातलं बाळ, मागे फिलोमेना.

"झाला ना बाप्तिस्मा?" त्याने विचारलं.

"तो दुसऱ्या कुणाचा तरी. आपला आता बाराला आहे, म्हणजे लिस्बनच्या अकराला. बाबा, तुम्ही इतक्या लवकर कसे आलात?"

"अहो, घड्याळ मी पुढे केलं होतं. हिने तुमच्याच घड्याळातली वेळ सांगितलीय, हे मला कुठे ठाऊक होतं?" फिलोमेना खाली बघत म्हणाली.

त्याला अजून हिशोब लागत नव्हता. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी थांबला नाहीत."

ग्रासाने बाळ त्याच्या हातात दिलं. "चार वर्षं थांबलोय, बाबा. तासाचं काय घेऊन बसलात?"